दोन सुरांचं कौतुक आणि डाव्या हातातला तो रे

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तेच भांडण झालं. पुण्याच्या कुणा तरुण गायिकेने यमनचा ख्याल तीन मिनिटांत बसवून रील टाकली होती, त्यावर मामा म्हणाले घराण्याची वाट लावली, आणि मामेभाऊ म्हणाला मग बसा तुमचं विलंबित ऐकत, हॉलमध्ये वीस टाळकी आणि त्यातली आठ डुलक्या काढणारी. मी इथे एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनमध्ये, दुपारी साडेतीनला बाहेर काळोख, भांडी घासता घासता वाचत होते. मधे तोंड घातलं की "तुला काय गं, तू तिकडे" हे ठरलेलंच असतं. तरी घातलं. लेकीने पियानोवर वाजवलेला एक तुकडा पाठवला. मामांचं उत्तर दोन मिनिटांत, म्हणजे तुकडा पूर्ण ऐकायच्याही आत: "हे असलं तर आमची चिंगी पण वाजवेल."

तो तुकडा आर्व्हो पार्टचा, 'फ्यूर अलीना', १९७६ चा. पार्ट म्हणजे एस्टोनियाचा जगभर सगळ्यात जास्त ऐकला जाणारा संगीतकार, जन्म १९३५. लहानपणी घरात जो पियानो होता त्याचे मधल्या पट्टीतले सूर बिघडलेले, वरचे आणि खालचेच काय ते धड वाजायचे, आणि गंमत म्हणजे पुढे त्याच्या संगीतात वर एक आणि खाली एक असं मधलं रिकामं ठेवलेलं पुष्कळदा ऐकू येतं. (ह्या गोष्टीवर फार भार टाकू नये, पण मला आवडते.)

आता "चिंगी पण वाजवेल" बद्दल. अख्खा तुकडा दोन पानांचा, ताल लिहिलेलाच नाही. सुरुवातीला खाली खर्जात एक सूर, मग वर दोन्ही हात बरोबर चालतात. उजवा हात सप्तकात फिरतो. डाव्याला मात्र फक्त तीन सूरांची मुभा, आपल्या भाषेत सा, कोमल ग आणि प, आणि उजव्याने जो सूर घेतला त्याच्या खालचा जवळचा जो असेल तोच घ्यायचा. म्हणजे तंबोराच, फक्त एका जागी बसून न राहता गाणाऱ्याचं बोट धरून बरोबर चालणारा. ओळीतले सूर एकेक करून वाढत आठापर्यंत जातात आणि तसेच परत कमी होतात. पार्टने ह्या पद्धतीला नाव दिलं टिंटिनाबुली, लॅटिनमधल्या घंटीवरून. नियम इतका कडक की रचनाकाराला स्वतःची हौस भागवायला जागाच नाही. आणि मग एकाच ठिकाणी डाव्या हातात त्या तिघांच्या बाहेरचा रे येतो. तिथे पार्टने कागदावर एक फूल काढलंय.

लेकीच्या टीचरने तिला तो एक सूर दोन आठवडे वाजवायला लावला. जोरात नको, हळू नको, "आत्ताच कळल्यासारखा" वाजव म्हणाल्या. मी शेजारच्या खोलीत, वैताग यायचा.

हे दोन सुरांचं सोपं संगीत आलं कुठून बघा. १९६० साली ह्याच माणसाने एस्टोनियातली पहिली बारा-स्वरी पद्धतीची (सप्तकातले बाराही स्वर ठरलेल्या क्रमाने घ्यायची) रचना लिहिली, कर्कश, अवघड, आणि एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात, त्यामुळे सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. १९६८ ला 'क्रेडो', त्यात जुन्या जर्मन संगीतकार बाखचा एक प्रिल्यूड (छोटी रचना) आणि त्याच्यावर आदळणारा गोंगाट, वर येशूवर श्रद्धा असल्याचं लॅटिनमध्ये उघड म्हटलेलं, मग काय, सरकारच्या मर्जीतून उतरला. त्यानंतर जवळपास आठ वर्षं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं. तिसरी सिंफनी मधेच १९७१ ला आली, आणि पोटासाठी सिनेमाचं संगीत चालू होतं, त्यामुळे "मौनव्रत" वगैरे जे लोक सांगतात ते जरा रंगवलेलं आहे. पण बाकी वेळ तो जुनं चर्चचं एकसुरी गाणं घेऊन बसला, वह्याच्या वह्या भरल्या, बालवाडीपासून शिकल्यासारखा.

मला इथे कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, आठवतात. क्षयामुळे पाच-सहा वर्षं गाणं बंद, देवासला पडून, माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर, आणि उठले ते धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग घेऊन. त्यांचं मौन आजाराने लादलेलं, पार्टचं स्वतःहून, फरक आहेच. पण दोघांनाही वेळ मिळाला. आमच्या ग्रुपवरचं भांडण तीन मिनिटं की दोन तास ह्याच्यावर अडकलंय, ऐकणाऱ्याच्या घड्याळावर. गाणाऱ्याच्या घड्याळाचं कुणी बोलत नाही. त्या रीलवाल्या मुलीने चार वर्षं काहीच टाकलं नाही तर आपण तिला लक्षात ठेवणार का? मामेभाऊ तर नाहीच, आणि खरं सांगू, मामा पण नाही.

लगेच "परदेशात कलेची किती कदर" असं समजू नका. ह्याच तालिनमधून १९८० ला पार्टला बायकोमुलांसकट जावं लागलं, आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. १९८४ ला जर्मनीतल्या ईसीएम ह्या रेकॉर्ड कंपनीने त्याची 'टाबुला रासा' ही रेकॉर्ड काढली तेव्हा पश्चिमेत नाव झालं. परत आला २०१० ला, आणि आता तालिनजवळच्या लाउलास्माच्या पाइनच्या जंगलात त्याच्या नावाचं केंद्र आहे, त्याची इमारत लोकांना खुली २०१८ पासून. आम्ही एका रविवारी गेलो होतो, सुंदर आहे, मनोऱ्यावर चढून समुद्र दिसतो. आणि त्याच आठवड्यात मला मसाजच्या ठिकाणी, युकॅलिप्टसच्या वासात, पार्टचंच 'श्पीगेल इम श्पीगेल' ऐकू आलं. तेव्हा संगीताचं उटणं करणं आपल्याकडेच चालतं असं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, एवढं कोण वाचतं. मामांना वेगळा मेसेज केला, डाव्या हातात रे कुठे येतो तेवढं सांगा. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर: "चार वेळा ऐकलं. रे सापडला, बरा लावलाय. पियानोचा खर्ज उतरलाय, कुणाला तरी दाखवून घ्या."

उतरलाय खरंच.