खाणीतलं तांबडं पाणी आणि दर पावसाळ्यात फिरणारा तो मेसेज

राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागात पाऊस लागला की एक मेसेज फिरायला लागतो: ‘पावसाचं पाणी देवाचं, त्याला कसला परवाना? सड्यावरचं (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरचं) पाणी वाडवडिलांपासून तांबडंच आहे. बॉक्साइटच्या खाणीला सरकारची परवानगी आहे, गाळाची तळी खोदली आहेत. उगाच बोंब मारू नका.’ जाणती माणसंही तो पुढं पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पावसाला परवाना लागत नाही, हे खरं. खाणीच्या पावसाळी पाण्यासाठी आपल्याकडं वेगळा परवानाही नाही. पण 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानं औद्योगिक सांडपाण्याची व्याख्या मोठी ठेवली आहे: उद्योगाच्या किंवा कुठल्याही कामाच्या जागेतून बाहेर सोडलेला कोणताही द्रव, घन किंवा वायू पदार्थ. खड्डा आणि मातीचे डंप धुऊन चरातून ओढ्याला लागलेलं पाणी त्यात बसत नाही, असं कसं म्हणणार? त्याच्या अटी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात आणि पर्यावरण मंजुरीत असतात. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्यात तरंगत्या गाळाची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे.

‘वाडवडिलांपासून तांबडंच’ हे मला सगळ्यात खटकतं. भर जुलैत न उकरलेल्या सड्यावर जाऊन बघा. कातळातल्या खळग्यांत साचलेल्या पाण्याचा तळ दिसतो, कारण वरचा जांभा कठीण असतो आणि फटीफटीत गवत मुळं धरून असतं. हे कवच फोडलं की खालची मऊ माती उघडी पडते आणि पाणी तिला घेऊनच खाली उतरतं. पहिल्या पावसाला कुठलाही ओढा गढूळ होतो, हे मान्य. म्हणूनच आठ-दहा दिवस पाऊस झाल्यावर, एकाच दिवशी, ओढ्याला खाणीचं पाणी जिथं येऊन मिळतं त्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशा दोन बाटल्या भरा आणि रात्रभर ठेवून द्या. फरक डोळ्यांनी दिसेल. रोपलागण झालेल्या खाचरात हाच गाळ येऊन बसतो.

गाळ खाली बसावा म्हणून तळी खोदली हे चांगलंच. पण हिशेब करा. 1 हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी, आणि घाटमाथ्यावर असे दिवस नवलाचे नाहीत. खाण 10 हेक्टर उघडी असेल तर एका दिवसात 1 कोटी लिटर. बारीक वाळू मीटरभर खाली बसायला दोन-तीन मिनिटं पुरतात. चिकणमातीच्या कणाला संथ पाण्यातही निदान तीन-चार दिवस लागतात. तळ्यात पाणी तेवढं थांबलंच नाही, तर तांबडं आत आलेलं तांबडंच बाहेर पडणार. त्यात गेल्या वर्षीचा गाळ उपसला नसेल, तर तळं नुसतं नावाला. म्हणून बाहेरचं स्वच्छ पाणी खड्ड्यात येऊच नये यासाठी भोवती गार्लंड ड्रेन, म्हणजे वळसा घालणारा चर, लागतो आणि डंपची माती वाहून जाऊ नये म्हणून त्याच्या पायथ्याला भिंत लागते.

राहिली परवानगी. ती अटींवर असते. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (EIA) अधिसूचनेनुसार अटी पाळल्याचा अहवाल खाणीनं दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक कागद आहे, अर्ज करणाऱ्या कुणालाही त्याची प्रत मिळते. आपल्या ग्रामपंचायतीनं यंदाचा जूनचा अहवाल मागवावा, आणि त्यात आधी बघावं की तळ्यांतला गाळ कधी उपसला.