बोस्टनचा चहा आसामचा नव्हता, आणि महागही झाला नव्हता

आठवडाभर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय: अमेरिका स्वतंत्र कशी झाली, त्यातल्या ‘शाळेत न शिकवलेल्या’ गोष्टी. शाळेत शिकवत नाहीत, कारण बहुतेक घडलेल्याच नाहीत. एरवी सोडून दिला असता. पण आठवीतल्या भाचीने तो प्रकल्पाच्या वहीत जसाच्या तसा उतरवून वर रंगीत चौकटही आखली आहे.

फॉरवर्डचे म्हणणे थोडक्यात असे. इंग्रजांनी चहावर जबर कर बसवून तो महाग केला. चिडलेल्या बोस्टनकरांनी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जाळली आणि आसामचा चहा समुद्रात बुडवला. 4 जुलै 1776 रोजी 56 जणांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यातल्या पाच जणांना इंग्रजांनी हालहाल करून मारले, नऊ जण जखमांनी गेले. मग साध्या शेतकऱ्यांनी शिकारीच्या बंदुका घेऊन, कोणाच्याही मदतीविना साम्राज्य लोळवले. शेवटी वॉशिंग्टनच्या हाती तलवार देणाऱ्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला शिक्षा म्हणून हिंदुस्थानात धाडले. आणि तळाला तात्पर्य: ‘कर वाढला की क्रांती होते.’

आधी आसाम, कारण ते लगेच निकालात निघते. चहा बुडाला 16 डिसेंबर 1773 रोजी. आसामच्या रानात चहाचे झाड वाढते हे रॉबर्ट ब्रूसला कळले 1823 मध्ये, आणि लंडनला आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला 1839 मध्ये. बोस्टनला काय बुडाले हे सांगायला माल ज्याचा होता त्या ईस्ट इंडिया कंपनीचा हिशोबच पुरेसा आहे: बोही 240 पेट्या, सिंगलो 60, काँगू 15, हायसन 15, सूचाँग 10. एकूण 340 पेट्या, नुकसान 9,659 पौंड. (342 हा आकडाही सर्रास छापला जातो, पण वाणवार बेरीज 340 होते.) वजन 92,000 रत्तलांच्या वर, म्हणजे सुमारे 42 टन. सगळा माल चिनी, कँटनहून लंडनला आणि तिथून बोस्टनला गेलेला. सिंगलो आणि हायसन तर हिरवा चहा.

जहाजेही जळली नाहीत. डार्टमाउथ, एलेनॉर आणि बीव्हर ही कंपनीची नव्हतीच. मालक वसाहतीतले होते. पेट्या कुऱ्हाडींनी फोडून चहा पाण्यात ओतायला तीनेक तास लागले. नेमकी ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीग बाजूलाच साचले आणि ते पाण्यात ढकलावे लागले. बाकी सामानाला हात लागला नाही. एका कप्तानाचे कुलूप तुटले, ते दुसऱ्या दिवशी भरून दिले म्हणतात.

आता भाव. फॉरवर्डचा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे तोच मुद्दा उलटा आहे. मे 1773 चा चहा कायदा नवा कर बसवत नाही. रत्तलामागे तीन पेन्सची जकात 1767 च्या टाउनशेंड कायद्यांपासून होती. 1770 मध्ये काच, कागद, शिसे आणि रंगांवरची उठली, चहावरची तेवढी राहिली. 1773 मध्ये बदलली ती विक्रीची साखळी. तोवर कंपनीने चहा लंडनच्या लिलावात विकायचा, तिथल्या घाऊक व्यापाऱ्याने घेऊन अमेरिकेतल्या व्यापाऱ्याला पाठवायचा आणि त्याने दुकानदाराला द्यायचा, असा क्रम होता. प्रत्येक हाताला नफा सुटायचा. नव्या कायद्याने कंपनीला माल थेट स्वतः निवडलेल्या अडत्यांकडे पाठवायची मुभा मिळाली, शिवाय इंग्लंडमध्ये भरलेली जकात निर्यातीवर पूर्ण परत. आधीच्या वर्षापासून पाचांतले तीनच हिस्से परत मिळत होते. परिणाम असा की साधा बोही रत्तलाला सुमारे तीन शिलिंगांवरून दोनवर येणार होता. हॉलंडहून चोरट्या मार्गाने येणारा चहा दोन शिलिंग एक पेनीला पडे. म्हणजे तीन पेन्स जकात भरूनही कंपनीचा चहा चोरट्या मालापेक्षा स्वस्त!

मग स्वस्त चहा बुडवायचा कशाला? कारण तो विकत घेतला की जकात मुकाट्याने मान्य केल्यासारखे होणार होते. त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार काढायची सोय टाउनशेंडच्या कायद्यात होती. तोवर ते पगार वसाहतींच्या विधानसभा मंजूर करत, आणि गव्हर्नरला वठणीवर आणायचे तेवढेच हत्यार त्यांच्या हाती होते. मूळ भांडण 1766 चे. त्या वर्षी पार्लमेंटने वसाहतींतल्या छापील कागदांवर कर बसवणारा स्टॅम्प कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून ‘वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधील ठरवण्याचा हक्क आमचाच’ असे लिहून ठेवले. रक्कम किती हा प्रश्न नव्हताच. ठरवणारा कोण, हा होता.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. यात तत्त्व होते तसा धंदाही होता. चोरटा चहा विकणारे आणि अडत्यांच्या यादीतून वगळलेले व्यापारी, दोघांच्याही पोटावर पाय येत होता. यादीत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते, हे कळल्यावर कोणाचे डोके शांत राहणार?

तो दिवसही रागाच्या भरात ठरला नव्हता. जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर कस्टम्सने माल जप्त करून विकायचा, असा नियम. डार्टमाउथ आले 28 नोव्हेंबरला. मुदत 17 डिसेंबरला संपणार. चहासकट परत जायला परवाना लागे, तो हचिन्सन देईना. 16 च्या संध्याकाळी त्याचा शेवटचा नकार आला तेव्हा ओल्ड साउथ सभागृहात आणि बाहेर हजारो माणसे जमलेली होती. सकाळ झाली असती तर चहा जप्तीत जाऊन बाजारात आला असता. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाकडे निघालेली जहाजे मालासह परत गेली, चार्ल्सटनला चहा तळघरात पडून राहिला. कंपनीचा तो माल बुडवायची वेळ तिकडे आलीच नाही.

(हिंदुस्थानाचा खरा संबंध हवा असेल तर तोही आहे. कंपनीच्या गोदामांत कोट्यवधी रत्तल चहा पडून होता, आणि 1770 च्या बंगालच्या दुष्काळाने तिचे उरलेसुरले कंबरडे मोडले. तिला वाचवायला पार्लमेंटने 1773 मध्येच दोन औषधे दिली: अमेरिकेसाठी चहा कायदा आणि बंगालसाठी कंपनीच्या कारभाराला लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट. त्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. तिथे म्हणे एका ‘ध’चा ‘मा’ झाला. फॉरवर्डवाल्याला एका अक्षरावर समाधान नाही.)

सह्यांचे पटकन. स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला 2 जुलैला, जाहीरनाम्याचा मसुदा 4 ला. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी तोवर तटस्थ होते. त्यांची संमती 9 जुलैची. चर्मपत्रावरच्या बहुतेक सह्या 2 ऑगस्टच्या, काही त्याहून उशिराच्या.

हालहाल करून मारल्याची गोष्ट मात्र सोडवत नाही. इंग्रजीत ती वर्षानुवर्षे फिरते आहे, आपल्याकडे आता पोचली. खरेच पाच जण पकडले गेले. रटलेज, हेवर्ड आणि मिडलटन 1780 मध्ये चार्ल्सटन पडल्यावर. वॉल्टन 1778 मध्ये सव्हानाला, जखमी अवस्थेत. हे चौघे लढताना सापडलेले युद्धकैदी होते आणि चौघेही अदलाबदलीत सुटले. वॉल्टन पुढे जॉर्जियाचा गव्हर्नर झाला, रटलेज साउथ कॅरोलायनाचा. पाचवा रिचर्ड स्टॉक्टन. त्याचे कैदेत खरोखर हाल झाले, पण तो सुटला तो राजनिष्ठेची शपथ लिहून! 1781 मध्ये तो कर्करोगाने वारला. नऊ जण युद्धाच्या काळात मेले हे खरे, पण इंग्रजांनी केलेल्या जखमांनी एकही नाही. गोळी लागून मेला तो बटन ग्विनेट, मे 1777 मध्ये, आणि तीही आपल्याच बाजूच्या जनरल मॅकिंटॉशशी झालेल्या द्वंद्वयुद्धात. ज्यांनी खरेच भोगले ती नावे फॉरवर्डमध्ये नाहीत. सही करणाऱ्यांपैकी फ्रान्सिस लुईसचे घर इंग्रजांनी लुटले, बायको एलिझाबेथला कैदेत टाकले. ती सुटली तेव्हा तब्येत पार ढासळली होती. 1779 मध्ये गेली.

‘शेतकरी आणि शिकारीच्या बंदुका’. रायफल लांबवर अचूक मारी, पण गोळी आटे पाडलेल्या नळीत ठोकून बसवावी लागे. मिनिटाला एक बार म्हणजे हात चलाख. गुळगुळीत नळीच्या मस्केटने शिकलेला शिपाई तीन बार काढी, आणि तिला संगीन लागे, रायफलीला नाही. त्यामुळे पहिली फैर झाली की संगिनी रोखून येणाऱ्या रांगेपुढे रायफलवाला उघडा पडायचा. अमेरिकन सेनानी डॅनियल मॉर्गनने हे ओळखून 1781 मध्ये काउपेन्सला शेतकरी शिलेदारांना सांगितले: दोन फैरी झाडा आणि मागे या, मागे कवायती फौज उभी आहे. तिथे इंग्रज फसले.

आणि मदतीविना? 1777 अखेरपर्यंत वापरलेल्या बंदुकीच्या दारूपैकी सुमारे 90 टक्के बाहेरून आलेली, नाहीतर बाहेरून आणलेल्या सोऱ्यापासून केलेली. सॅराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइनने शस्त्रे ठेवली ऑक्टोबर 1777 मध्ये. फ्रान्सचा उघड तह फेब्रुवारी 1778 चा. कॉर्नवॉलिस जिथे वेढला गेला त्या यॉर्कटाउनचा निकाल तर समुद्रावर लागला. 5 सप्टेंबर 1781 रोजी फ्रेंच आरमारप्रमुख द ग्रासच्या 24 जहाजांनी इंग्रज आरमारप्रमुख ग्रेव्हजच्या 19 जहाजांना चेसापीकच्या तोंडाशी अडवले, आणि कॉर्नवॉलिसची सुटायची वाट बंद झाली. वेढा घालणारे फ्रेंच पायदळही संख्येने वॉशिंग्टनच्या पगारी फौजेच्या तोडीचे होते.

राहिली तलवार. 19 ऑक्टोबरला कॉर्नवॉलिस आजारी असल्याचे सांगून छावणीतून बाहेरच आला नाही. त्याचा दुय्यम ओहारा तलवार घेऊन फ्रेंच सेनापती रोशाँबोकडे वळला. त्याने वॉशिंग्टनकडे बोट दाखवले, आणि वॉशिंग्टनने आपल्या दुय्यमाकडे, लिंकनकडे. युद्ध त्या दिवशी संपले नाही. तह 3 सप्टेंबर 1783 चा, न्यूयॉर्क रिकामे झाले 25 नोव्हेंबरला.

‘शिक्षा’ म्हणावी तर ती अशी: 1786 मध्ये गव्हर्नर-जनरल आणि सरसेनापती ही दोन्ही पदे एकाच माणसाला, कौन्सिलचे मत डावलण्याच्या अधिकारासह, वर ऑर्डर ऑफ द गार्टर हा इंग्लंडचा मानाचा किताब. नामुष्की त्याच्या वाट्याला आली, पण ती मे 1791 मध्ये, टिपूवरच्या मोहिमेत, श्रीरंगपट्टणजवळ. बैल मेले, धान्य संपले, वेढ्याच्या जड तोफा स्वतःच फोडून तो मागे फिरला होता. तेवढ्यात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज येऊन मिळाली, आणि त्याच्या उपाशी शिपायांनी मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारातून चढ्या भावाने धान्य विकत घेतले.