शिट्ट्यांशिवायची खिचडी

नवऱ्याचा एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचा, रिपोर्ट ५.९ आला. म्हणजे ५.७ ची रेघ ओलांडलेली, पण ६.५ चा मधुमेह अजून लांब. या मधल्या मुक्कामावर पोचलेली माणसं घरच्यांना फार छळतात. औषध चालू नसतं, त्यामुळे सगळा जोर पथ्यावर.

डिसेंबरात भंडारदऱ्याला तंबूत राहायला जायचं ठरलं, तेव्हा “तंबूवाल्याचं तेलकट जेवण नको, साधं आणि पौष्टिक आपणच चुलीवर करू,” असं त्यानं जाहीर केलं. जाहीर त्यानं केलं, यादी मी केली. सालीची मूगडाळ, हातसडीचा तांदूळ, नाचणीचं पीठ, लाकडी घाण्याचं तेल, सैंधव, मोड आणायला बांधलेली मटकी. वडापाव खायचा असता तर फक्त पाकीट पुरलं असतं. साध्या जेवणाला गाडीची पूर्ण डिकी लागली.

कुकर मात्र त्यानं ओट्यावरच ठेवला. निसर्गात शिट्ट्या नकोत म्हणे.

सासूबाई जन्मभर जे बोलल्या नाहीत ते चुलीचं नाव निघताच बोलल्या. “फुंकून फुंकून डोळे गेले माझे. गॅस आला त्या दिवशी मी आळीत पेढे वाटलेत.” वाटेत राजूरला गाडी थांबवून त्यांनी अर्धा किलो पेढे घेतले आणि पिशवी मांडीवरून शेवटपर्यंत हलू दिली नाही. धोका त्यांनी तिथंच ओळखला असावा.

जागा सुरेख होती. समोर आर्थर लेक, पलीकडे रतनगड. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ सालचं, म्हणजे आता शंभरीचं. ही माहिती नवऱ्यानं काड्यापेटीतली दहावी-बारावी काडी ओढताना दिली. पाण्यावरून वारा असा येत होता की काडी पेटायची ती फक्त विझण्यासाठी. तीन दगड मांडले तर टोप कलंडायचा, दगड जवळ घेतले तर लाकडाला वाव नाही. लाकडं दवानं दमट. धुराचं एक बरं असतं, तो स्वयंपाक करणाऱ्याला कधी एकटं सोडत नाही. मी डावीकडे सरकले, तो डावीकडे. मी उजवीकडे, तोही उजवीकडे. नवरा लांब उभा राहून वाऱ्याची दिशा सांगत होता.

“टोपाला बाहेरून माती लिंप, नाहीतर काजळी निघायची नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, स्वयंपाकाच्या भांड्याला माती? हायजीन नावाचं काही असतं.”

सासूबाईंनी एक पेढा तोंडात टाकला.

अखेर आधण आलं. डाळ-तांदूळ वैरले. साडेसात वाजता मुलं ताटं घेऊन बसली. साडेआठला ताटांवर चमचे वाजवू लागली. नऊ वाजता डाळ तशीच, पोहायला शिकल्यासारखी वर-खाली करत. नवरा इंजिनिअर, त्यानं समजावलं: कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. इथं आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथं ते ९७-९८ लाच उकळतं आणि कितीही जाळ केला तरी त्यापुढे जात नाही. शिवाय हातसडीच्या तांदळाला कोंडा असतो, तो पाणी लवकर आत घेत नाही. सगळं अगदी बरोबर होतं. एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसानं कुकर घरी ठेवला होता.

“बाबा, पौष्टिक म्हणजे रात्रीचं जेवण सकाळी का?” चिरंजिवांनी विचारलं.

तेवढ्यात शेजारच्या तंबूतून मॅगीचा वास आला. आमची कन्या हात धुवायला म्हणून गेली आणि बराच वेळ धुतच राहिली. परत आली तेव्हा हनुवटीवर मसाला होता. मी पाहिलं, काही बोलले नाही. मला फक्त तिनं मला नेलं नाही याचं वाईट वाटलं.

म्हटलं, निदान मटकीची उसळ तरी टाकावी. फडकं सोडलं. डिकीतल्या उबेत मोड इतके वाढले होते की ते फडक्यातून आरपार गेलेले. मटकी फडक्यापासून वेगळी काढायला कात्री लागली असती. यादीत कात्री नव्हती.

खिचडी साडेदहाला झाली. वरून करपली नव्हती. चवीला धूर, थोडी राख आणि सैंधव. नवरा दर घासाला “चुलीची चवच वेगळी” म्हणत होता आणि पाणी पीत होता. मुलं पेढ्याच्या पिशवीभोवती सासूबाईंना चिकटून बसली होती.

सकाळी नाचणीची आंबील ठरलेली. मी चुलीकडे निघाले तर सासूबाईंची चादर रिकामी. शोधत तंबूवाल्याच्या झोपडीपाशी आले. पुढे पाटी, ‘चुलीवरचं गावरान जेवण’. मागे भला मोठा सिलिंडर, निळी शेगडी सुसाट, आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सासूबाई. तंबूवाल्याच्या बायकोला सांगत होत्या, “शेंगदाणे अजून घाल गं, आणि झाकण ठेव.” मला बघून दुसरी खुर्ची ओढली. “बस. धूर नाही इथं.”

पोह्यांची पहिली बशी माझ्या हातात येते न येते तोच नवरा आला. पोहे लाल की पांढरे, तेल कुठलं, अशी विचारपूस सुरू झाली.

“पांढरे आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “चार घास खा आणि काठावर जा. टोप घासायचाय तुला. राख भरपूर आहे, तुझ्याच चुलीत.”