सॅन अँड्रियास मॉड होतो, पण जुना आहे म्हणून नव्हे

भाच्याने काल गेम मॉड करण्याबद्दल, म्हणजे गेमच्या फायली बदलून त्याचं रूप पालटण्याबद्दल, एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलं होतं, "आज रात्री टाकतोय." मजकूर असा: जुन्या गेमचा कोड साधा असतो, म्हणून ग्राफिक्स बदलणं सोपं. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये ४के टेक्स्चर पॅक (वस्तूंवर चढवायची मोठ्या आकाराची चित्रं) आणि ईएनबी (सावल्या, उजेड बदलणारा मॉड) टाका, कुठल्याही पीसीवर नव्या गेमसारखा दिसेल. अँटीव्हायरस बंद करा आणि सेटअप ॲडमिन म्हणून चालवा.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण खरं नुकसान त्यातच आहे. टेक्स्चर टीएक्सडी फायलींत असतात, मॉडेल, म्हणजे वस्तूंचे आकार, डीएफएफमध्ये. हा निव्वळ डेटा आहे. तो कॉपी करायचा असतो, त्याला सेटअप लागत नाही. ईएनबीची डी३डी९.डीएलएल मात्र चालणारा प्रोग्राम आहे. ती गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवली की विंडोज आपल्या मूळ डीएलएलऐवजी तीच उचलतं, आणि गेमला असलेली प्रत्येक परवानगी तिलाही मिळते. अशी अनोळखी फाइल ॲडमिनच्या हक्काने, तीही अँटीव्हायरस बंद ठेवून चालवा असं पोरांना सांगणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. मॉडच्या डीएलएलवर अँटीव्हायरस कधीकधी विनाकारण ओरडतो, एवढं मान्य. मग मूळ लेखकाच्याच साइटवरून घेतलेल्या त्या एका फाइलला सूट द्या, सगळं संरक्षण कशाला काढता? ॲडमिनची गरज पडते ती गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असल्यामुळे, कारण तिथे विंडोज लिहू देत नाही. गेमचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं की ती गरजच संपते.

आता 'साधा कोड'. टेक्स्चर बदलताना कोडला हातच लागत नाही. सोपेपणाची कारणं वेगळी आहेत. जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे तिन्ही रेंडरवेअर इंजिनवरचे, त्यामुळे फायलींची रचना मॉडर मंडळींना आधीच उलगडली होती. या फायली ज्यात साठवलेल्या असतात ती जीटीए३.आयएमजी फाइलही कुलूपबंद नाही. शिवाय २००५ चा हा पीसी गेम डायरेक्टएक्स ९ वर बहुतांशी 'फिक्स्ड फंक्शन' पद्धतीने चित्र काढतो: हे टेक्स्चर, हा दिवा, हे धुकं, असं ठरलेल्या आज्ञांत ग्राफिक्स कार्डाला सांगतो. गेम आणि कार्ड यांच्यामध्ये बसलेल्या ईएनबीसारख्या डीएलएलला त्या आज्ञा समजतात. एनव्हिडियाने आरटीएक्स रीमिक्स हे मॉडिंगचं साधन काढलं, तेव्हा त्यांच्याच माहितीपत्रकांत नेमकं हेच आलं: फिक्स्ड फंक्शन वापरणारे डायरेक्टएक्स ८ आणि ९ चे गेम. वयाचा निकष त्यात नाही. १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स याहून जुना, पण तो २५६ रंगांच्या तयार चित्रांचा. त्यात मधे पकडायला दिवाही नाही आणि कुठली वस्तू किती लांब, ही माहितीही नाही.

४के पॅकचं गणित तर कुणी केलेलंच दिसत नाही. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्स्चर, कॉम्प्रेशनशिवाय, ६४ एमबी. सॅन अँड्रियास नकाशा, गाड्या, माणसं या सगळ्यांच्या स्ट्रीमिंगसाठी, म्हणजे खेळता खेळता डिस्कवरून उचलण्यासाठी, मिळून मुळात ५० एमबी मेमरी राखतो. म्हणून रस्ते गायब होतात, इमारती उशिरा उगवतात, आणि दोष पीसीला दिला जातो. तेच टेक्स्चर १०२४ ला आणून डीएक्सटी१ या कॉम्प्रेशनमध्ये सेव्ह केलं तर मिपमॅप (लांबून दिसण्यासाठीच्या त्याच्याच लहान प्रती) धरूनही पाऊण एमबीच्या आत बसतं. मिपमॅप गाळू नका, नाहीतर लांबचा रस्ता चमचमत राहतो. लिमिट ॲडजस्टर या मॉडने ती ५० एमबीची मर्यादा वाढवता येते, पण गेम ३२ बिट आहे: त्याला एकूण मेमरी मिळते एरवी २ जीबी, आणि ईएक्सईवर 'लार्ज ॲड्रेस अवेअर' खूण केली तर ६४ बिट विंडोजवर ४ जीबी. त्यापुढे क्रॅश.

'कुठल्याही पीसीवर' हेही खोटं. ईएनबीच्या सावल्या आणि ब्लूम (उजेडाभोवतीची झळाळी) प्रत्येक पिक्सेलवर हिशेब करतात, १०८०पी ला फ्रेममागे सुमारे २० लाख पिक्सेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीच्या साध्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला ते झेपत नाही.

करायचंच असेल तर मॉडच्या फायली वेगळ्या फोल्डरमधून उचलणारा मॉड लोडर वापरा, म्हणजे मूळ जीटीए३.आयएमजी शाबूत राहते. एका वेळी एकच पॅक टाका आणि शहरातून भरधाव गाडी हाकून बघा. रस्ता गायब झाला, तर आधी त्या पॅकमधलं सगळ्यात मोठं टीएक्सडी शोधा.