दोस्तीचं राहू द्या, कागद दाखवा

गलवाननंतर आमच्या ग्रुपवर चिनी लाइटच्या माळा फोडायचे व्हिडिओ टाकणारी मंडळी २०२५ च्या ऑक्टोबरात चीनची थेट विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा "आता अमेरिकेची जिरणार" म्हणून खूश होती. तीच मंडळी, बरं का! दोन देशांच्या संबंधांकडे आपण सोयरिकीसारखं पाहतो राजेहो. जमली की वरात, बिनसली की उणीदुणी चव्हाट्यावर.

माणसांची दोस्ती खरी असते, त्यावर वाद नाही. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे इथं किती जणांना ठाऊक आहे? कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, चीनमध्ये आजही त्यांना मानतात. पण वीस वर्षांनी चिनी फौजा सीमेवर उतरल्या तेव्हा ही आठवण आड आली नाही. येणारही नव्हती. उपकार स्मरून कोणतंच सरकार सीमा आखत नसतं.

१९५४ चा पंचशील करार तर मुळात तिबेटशी व्यापाराचा. त्यात सहा खिंडींची नावं आहेत, पाच सुंदर तत्त्वं आहेत, सीमा कुठून जाते ते मात्र नाही. मुदत आठ वर्षांची. १९६२ च्या जूनमध्ये ती संपली आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध. बाबासाहेबांनी करारानंतर चारच महिन्यांत राज्यसभेत सुनावलं होतं की, माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं. दीक्षाभूमीच्या गावात तरी हे भाषण वाचलं जावं.

याउलट सीमेवरच्या शांततेसाठीचे १९९३ आणि १९९६ चे करार. एकदम रुक्ष, भाई-भाई नाही की काही नाही. ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही, कुठली शस्त्रं कमी करायची, असलं सगळं. दोघांचा एकमेकांवर भरवसा नाही, हे गृहीत धरूनच लिहिलेलं. २०२० मध्ये चीननं सीमेवर फौज आणून त्यातलं बरंच पायदळी तुडवलं, गलवानमध्ये आपले २० जवान गेले. तरी त्या रात्रीही बंदुका चालल्या नाहीत, दगड आणि दांडके चालले. १९७५ नंतर या सीमेवर गोळीनं कुणी मेलं नाही. मला हा लेखी अविश्वास "हिंदी-चिनी भाई-भाई"च्या घोषणेपेक्षा कितीतरी इमानदार वाटतो.

बहिष्काराचं काय? सीताबर्डीला नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनला जाताना आपण चीनच्या डालियानमध्ये बनलेल्या डब्यातून उतरतो आणि तशाच डब्यात चढतो. डबे चांगले आहेत, माझी तक्रार नाही. पण २०२४-२५ मध्ये चीनशी व्यापारातली आपली तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी काही दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांना निर्यात परवान्याची अट घातली, तर आपल्या गाड्यांच्या कंपन्यांची धावपळ उडाली. अविश्वास दाखवायचा तर इथं दाखवा, कारखाने काढून. माळा फोडून काहून वेळ घालवता?

आणि एक. २०२४ च्या ऑक्टोबरात लडाखमधल्या डेपसांग-डेमचोकच्या गस्तीवर समझोता झाला म्हणतात. हात मिळवल्याचे फोटो आले, मजकूर आला नाही. आपले गुराखी आता कुठवर जाऊ शकतात, गस्त कुठवर जाते, एवढं तरी संसदेत कुणी विचारून घ्या ना भाऊ.