जहाजातले तीन हजार आणि महाद्वार रोड

"एवढी माणसं हितं कशाला आल्यात? देऊळ कुठाय?" किनाऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या आईनं विचारलं.

देऊळ नव्हतं. बार हार्बर हे अमेरिकेच्या मेन राज्यातलं समुद्रकाठचं गाव, वस्ती जेमतेम पाच हजार. ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरातली. बॉस्टनहून निघालेलं आमचं क्रूझ जहाज सकाळी खाडीत नांगरलं आणि आम्हा तीनेक हजार प्रवाशांना छोट्या बोटींनी गावात सोडू लागलं. या बोटींना टेंडर म्हणतात. (कोल्हापुरात टेंडर म्हटलं की डोळ्यासमोर दुसरंच काहीतरी येतं, ते असो.)

ओहोटीला समोरच्या बार आयलंडपर्यंत वाळूची वाट उघडी पडते. तिथं गाडी लावून रमलात तर भरती गाडी गिळते. आईचा जन्म पंचगंगेचं पाणी बघण्यात गेलेला. ती म्हणाली, "आमची नदी निदान पावसाळ्यात येती. ह्यांच्यात रोज दोनदा?"

गाव देखणं, पण रस्ता म्हणजे नवरात्रातला आमच्या कोल्हापूरचा, अंबाबाईच्या देवळासमोरचा महाद्वार रोड. फुटपाथवरून उतरल्याशिवाय पुढं सरकता येईना. मी फ्रिजला लावायचं एक चुंबक घेतलं, दोन कॉफ्या घेतल्या आणि जेवायला जहाजावर परतायचं ठरवलं, कारण तिथलं जेवण तिकिटातच होतं. अंबाबाईला डबा घेऊन येणाऱ्या आणि संध्याकाळी परत फिरणाऱ्या गाड्यांवर मीच कधीकाळी तोंडसुख घेतलं होतं.

या गावानं २०२२ च्या नोव्हेंबरात मतदान करून ठरवलं की जहाजांतून दिवसाला फक्त हजार माणसं उतरतील. आधी ठरलेल्या फेऱ्यांना यातून सूट दिली, म्हणून आमचा नंबर लागला. व्यापारी कोर्टात गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी मुख्यतः गावाची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मर्यादा सैल करण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला आणि थोडक्यात पडला. थोडक्यात, म्हणजे निम्मं गाव तिकडच्या बाजूचंही होतं. मला हेच आवडलं. भांडण मिटलं नाही, पण कुणी किती आहेत हे मोजलं तरी गेलं.

आता आपल्याकडं बघा. अंबाबाई मंदिर परिसराच्या आराखड्याला २०२५ मध्ये सुमारे १,४४५ कोटींची मंजुरी मिळाली. मग वाद सुरू झाले ते कुणाची जागा जाणार, मोबदला किती, पार्किंग कुठं यांवर. रास्त आहेत. पण रोज किती माणसं या गल्ल्यांना झेपतात, हा आकडा कुणी मागत नाही. महाद्वारावर दुकान असलेला माझा मित्र म्हणतो, "भावा, गर्दी हाय म्हणून चूल पेटत्या. तिकडं बसून तू काय शिकवतोस?" बरोबर आहे त्याचं. माझी चूल न्यू जर्सीत पेटते.

बार हार्बरची नक्कल करावी असंही मी म्हणत नाही. तिथं जहाजांच्या गर्दीला यायचा दरवाजा एकच, समुद्र. जहाज अडवलं की झालं. कोल्हापूरला रेल्वे, एसटी, हायवे, शिवाय भक्ताला 'तू एक हजार एकावा' कोण म्हणणार? पण कोल्हापूरकर गप्प बसणारी जात नव्हे. एन. डी. पाटलांसारख्यांच्या मागं उभं राहून याच शहरानं टोल हुसकावला. रस्त्यावर उतरून नको म्हणायला आपल्याला येतं. किती हवं, हे बसून ठरवायला मात्र जागाच नव्हती. २०२० च्या नोव्हेंबरापासून पुढं कित्येक वर्षं महापालिकेत प्रशासकच कारभार हाकत होते. आईच्या गल्लीला नवरात्रात घराबाहेर पडता येत नाही, हे ती सांगणार कुणाला? नगरसेवकच नव्हता.

संध्याकाळी शेवटच्या टेंडरसाठी धक्क्यावर लांबलचक रांग. बोचरा वारा, आईच्या डोक्याला माझा मफलर. अर्ध्या तासानं आम्ही दहा पावलं सरकलो, तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या रांगेत दर्शन तरी झालं असतं."