‘सहा महिन्यांत गोळ्या थांबवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मुलाची किडनी किंवा लिव्हर बदललं की आजार संपला. सहा महिन्यांत गोळ्या थांबवा, ताकदीसाठी गुळवेलीचा काढा द्या, वर्षभर घराबाहेर काढू नका.’ हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. पुण्या-मुंबईहून मुलाचं अवयव प्रत्यारोपण (ट्रान्सप्लांट) करून परतणाऱ्या आईबापांनी तो खरा मानू नये, म्हणून हे लिहितोय.

आजार संपला, हेच मुळात चूक. शरीर नव्या अवयवाला परका समजतं आणि वर्षं उलटली तरी त्याच्यावर उठू शकतं. टॅक्रोलिमससारखी औषधं ते थोपवून धरतात, म्हणून ती बहुतेक मुलांना आयुष्यभर, ठरल्या वेळी लागतात. मूल हसतंय-खेळतंय म्हणून गोळी कमी केली तर रिजेक्शन, म्हणजे शरीराचा नव्या अवयवावरचा हल्ला, सुरू होऊ शकतं, आणि सुरुवातीला ते बरेचदा फक्त रक्ततपासणीत कळतं. लेव्हलसाठी, म्हणजे रक्तात औषध किती आहे ते मोजायला, रक्त सकाळच्या डोसाआधी द्यायचं. आधी औषध पाजलं तर आकडा फसवतो. डोस ओकून पडला तर मनानं दुसरा देऊ नका, हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. जुलाब लागले तरी करा, कारण तेव्हा रक्तातलं टॅक्रोलिमस वाढू शकतं.

काढ्याचा तर मला रागच येतो. जी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी आवरायची, तीच वाढवण्यासाठी गुळवेल द्यायची? गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. पपनस आणि ग्रेपफ्रूटही बंद. आपल्याकडचं डाळिंब टीमला विचारूनच द्या.

घराबाहेर न काढण्यात थोडं तथ्य आहे. सुरुवातीचे महिने गड्डा जत्रेची गर्दी नकोच. पण डॉक्टरांनी परवानगी दिली की शाळा सुरू करायची. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवा, एवढं बाईंना सांगून ठेवा. पोलिओचे थेंब मात्र त्या मुलाला द्यायचे नाहीत, आणि धाकट्या भावंडालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आपल्या गावची खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. नळाला रोज पाणी नाही, साठवलेलं प्यावं लागतं. ते उकळूनच द्या.

आणि ताप 38 अंश सेल्सिअसवर, म्हणजे 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट बघू नका. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. म्हणून डिस्चार्जच्या आधीच विचारून घ्या: सोलापुरात रात्री कोण तपासेल, लेव्हल कुठल्या लॅबमध्ये होईल आणि ही औषधं इथे कुठे मिळतील.